एकादशीची यादी

जुन्नर तालुक्यातल्या एका गावाची दिंडी दर वर्षी माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला चालत जाते. दिंडी लहानशीच. पावणेदोनशे वारकरी, दोन ट्रक, एक टेम्पो आणि पाण्याचा एक टँकर. एवढ्या माणसांचा अठरा-एकोणीस दिवसांचा संसार रोज उचलायचा आणि रोज नव्या गावी मांडायचा, हे काम वाटतं तितकं सोपं नसतं. तंबू कुणाला कोणता, भिशी कुणाची आली, कुणाची राहिली, कुणाला पाठीचं दुखणं आहे, कोण रात्री औषध घेतं, या सगळ्याचा हिशेब तात्यांच्या वहीत असे.

वहीत सहा रकाने होते. नाव, वय, मोबाइल, तंबू, भिशी आणि शेवटी सगळ्यांत रुंद रकाना ‘शेरा’. या शेऱ्यात तात्या मनाला येईल तसं लिहीत. ‘बबनराव : रात्री दोनदा उठतात, तंबूच्या दाराशी जागा.’ ‘सरूबाई, ६८ : साखरेची गोळी. उपास धरू द्यायचा नाही. आठच्या आत भाकरी. गुडघा धरतो, घाटात टेम्पोत.’ अक्षर वाकडं-तिकडं, ओळी एकमेकींवर चढलेल्या, मध्येच खाडाखोड. पण वही कुणाच्याही हातात पडली तरी काय करायचं ते कळायचं. तात्या तापानं झोपले त्या वर्षीसुद्धा दिंडीचं काही अडलं नाही.

मग तात्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि यादीचं काम ओंकारकडे आलं. ओंकार गावातलाच, पुण्यात नोकरीला. मुलगा मनापासून करणारा. त्यानं चार रात्री जागून सगळी वही गूगल शीट्समध्ये उतरवली आणि पाच जणांना ती बदलण्याची परवानगी दिली. एक तो स्वतः. भिशीचा हिशेब सांभाळणारे अण्णा. तंबूंचं बघणारा विष्णू. निवृत्त परिचारिका असलेल्या, सगळ्या दिंडीच्या नर्सबाई. आणि टेम्पो चालवणारा सोमा. वहीची पानं उलटायची गरज उरली नाही. एकानं केलेला बदल दुसऱ्याला त्याच क्षणी दिसायला लागला. वहीला हे कधीच जमलं नसतं, आणि हे श्रेय ओंकारचंच.

अडलं ते शेऱ्यापाशी. कुणाचा शेरा एका शब्दाचा, कुणाचा पाच ओळींचा. शीटमध्ये उतरवल्यावर एक ओळ बोटभर आणि दुसरी वीतभर उंच होऊ लागली. ओंकारला ते बघवेना. त्यानं तो रकानाच काढून टाकला आणि त्याच्या जागी रंग आणले. नावाची चौकट लाल म्हणजे साखरेचा आजार. पिवळी म्हणजे रक्तदाब. निळी म्हणजे गुडघेदुखी, घाटात टेम्पो. पडदा एकदम देखणा झाला. आळंदीत मुक्कामाच्या रात्री त्यानं ती शीट तात्यांना दाखवली. तात्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. “रंगीत झालंय खरं,” ते म्हणाले आणि मोबाइल परत दिला.

सरूआजीच्या ओळीवर ओंकार थोडा घुटमळला होता. तिला साखर होती आणि गुडघाही. पण एका चौकटीला पार्श्वभूमीचा रंग एकच देता येतो. अर्धी लाल आणि अर्धी निळी चौकट होत नाही. साखर जास्त महत्त्वाची असा विचार करून त्यानं चौकट लाल केली. विचार चुकीचा नव्हता. फक्त त्या क्षणी आजीचा गुडघा यादीतून नाहीसा झाला, आणि तो नाहीसा झाल्याची कुठं खूण उरली नाही. मोकळा रकाना निदान डोळ्यांना टोचतो. न दिलेला रंग कुणाला दिसत नाही.

अण्णांनी त्याला पहिल्याच दिवशी टोकलं होतं. ते सहकारी बँकेतून निवृत्त झालेले आणि एक्सेलवर हात बसलेला माणूस. “आमच्याकडे जुनं शेअर्ड वर्कबुक होतं,” ते म्हणाले. “फाइल एकदा सामायिक केली की एक्सेल हातच बांधायचं. चौकटी जोडता यायच्या नाहीत, आलेख नव्यानं घालता यायचा नाही, कंडिशनल फॉरमॅटिंगचा नवा नियम टाकता यायचा नाही. आधीचं असेल ते चालायचं, त्याला धक्का लावायचा नाही. आम्ही शिव्या द्यायचो. पण मला आता वाटतं, चार हात एका कागदावर चालत असताना सजावटीला कुलूप घालणं बरंच होतं.” ओंकार हसला. म्हणाला, “अण्णा, आता तसं काही राहिलं नाही. आता सगळ्यांना सगळं करता येतं.” त्याचं खरं होतं. अडचण नेमकी तिथंच होती. अण्णांनी स्वतः भिशीच्या रकान्यात ज्यांचे पैसे बाकी होते त्यांच्या चौकटी लाल करून टाकल्या, कारण बँकेत बाकी म्हणजे लाल. एकाच शीटमध्ये लाल रंगाचे दोन अर्थ झाले आणि दोन्ही ज्याच्या त्याच्या डोक्यात राहिले.

दुसरी अडचण आकड्याची. पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, नवमी-दशमी पुण्यात मुक्काम करते आणि एकादशीला सासवडची वाट धरते. म्हणजे सगळ्या वाटचालीतला एक लांब टप्पा, त्यात दिवे घाटाची चढण, आणि नेमका त्याच दिवशी बहुतेकांचा उपास. ज्यांना साखरेची गोळी सुरू आहे त्यांनी त्या दिवशी रिकाम्या पोटी चालणं धोक्याचं. म्हणून नर्सबाईंनी त्यांच्याकडून वचनच घेतलेलं असे : एकादशी मनात धरा, पोटात भाकरी ठेवा. त्यांच्यासाठी सकाळी हडपसरला, माउलींच्या आणि तुकोबांच्या पालख्यांच्या वाटा जिथं वेगळ्या होतात तिथं, टेम्पोतून भाकरी आणि मुगाची आमटी पोचवायची असं ठरलेलं होतं.

दशमीला दुपारी आचारी गणपतदादांनी विचारलं, “डबे किती बांधू?”

साधा प्रश्न. ओंकारनं मोबाइल काढला, आणि त्याच्या ध्यानात आलं की शीटला हा प्रश्न सरळ विचारता येत नाही. काउंटइफ हे सूत्र चौकटीत काय लिहिलंय ते मोजतं. चौकट कोणत्या रंगाची आहे ते त्याला कळत नाही. एक्सेल असो की गूगल शीट्स, रंग मोजणारं साधं तयार सूत्र दोन्हीकडे नाही. रंगानुसार फिल्टर लावता येतो, पण तो आपल्याला ओळी दाखवतो, काउंटइफला रंग त्यातूनही कळत नाही. मग ओंकारनं एक व्हिडिओ बघून अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये छोटासा प्रोग्राम लिहिला. तो नावांच्या रकान्यातल्या लाल चौकटी मोजायचा आणि वरच्या कोपऱ्यात आकडा दाखवायचा. आकडा आला २३. गणपतदादांनी तेवीस डबे धरले.

इथं एक बारकी गोष्ट आहे, आणि ती भल्याभल्यांना ठाऊक नसते. अशा सूत्राला जे दिलेलं असतं ते बदललं तरच सूत्र पुन्हा चालतं, आणि ओंकारनं त्याला नावं नव्हे, नुसता रकान्याचा पत्ता दिलेला होता. नुसता रंग बदलणं हा शीटच्या लेखी बदलच नाही. त्यामुळे आकडा एकदा आला की तो तसाच बसून राहतो. खाली लाल चौकटी वाढोत की घटोत, वर तेवीसच.

त्या संध्याकाळी पुण्याच्या मुक्कामी नर्सबाईंनी सगळ्यांची साखर तपासली. दोघांची नव्यानं वाढलेली सापडली. त्यांनी मोबाइलवरूनच त्या दोघांच्या चौकटी लाल केल्या. पण रंगांच्या पट्टीत लाल एक नसतो. लाल असतो, बेरी लाल असतो, फिकट लालच्या तीन पायऱ्या असतात. नर्सबाईंचं बोट फिकट लालवर पडलं. माणसाला दोन्ही लालच दिसतात. फिल्टरला आणि प्रोग्रामला ते दोन निराळे रंग वाटतात.

रात्री उशिरा विष्णूनं तंबू क्रमांक सातची यादी दुरुस्त केली. त्या तंबूतल्या बारा बायकांची नावं नोंदणीच्या वेळी घाईत लिहिली गेली होती. कुणाचं आडनाव राहिलेलं, कुणाचं नाव घरच्या लाडक्या नावानं लिहिलेलं. विष्णूकडे आधार कार्डांवरून केलेली बिनचूक यादी दुसऱ्या शीटमध्ये होती. त्यानं तिथून बारा नावं उचलली आणि इथं चिकटवली. काम चोख झालं. पण साध्या चिकटवण्यात मजकुराबरोबर त्याचं रूपही येतं, आणि त्या दुसऱ्या शीटमधल्या चौकटी पांढऱ्या होत्या. बारा नावं बिनचूक झाली आणि त्यांतल्या चार बायकांचा लाल रंग पुसला गेला. त्या चौघींत सरूआजी होती. फक्त मजकूर चिकटवण्याची वेगळी सोय असते. विष्णूला ती कुणी सांगितली नव्हती. आणि खरं सांगायचं तर पाच माणसांच्या यादीत एखाद्याचं औषधपाणी अशा एका सोयीच्या माहितीवर टांगून ठेवणंच बरोबर नाही.

पहाटे तीन वाजता ओंकारनं लाल रंगाचा फिल्टर लावला, पडद्याचं छायाचित्र काढलं आणि सोमाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. वर कोपऱ्यात तेवीस आकडा होता. खाली नावं एकोणीस होती. नावं त्यानं मोजली नाहीत. आकडा समोर असताना कोण मोजतं?

हडपसरला टेम्पोपाशी सोमानं नावं पुकारली. एकोणीस जणांनी डबे नेले. चार डबे उरले. “कुणी आलं नसेल,” म्हणत सोमानं ते शेजारच्या दिंडीतल्या दोन लेकुरवाळ्या बायकांना दिले. अन्न सत्कारणी लागलं. फिकट लालमधल्या त्या दोघांना नर्सबाईंनी आपल्या पिशवीतलं खायला घातलं, कारण त्यांची नावं त्यांना तोंडपाठ होती. सातव्या तंबूतल्या चौघींपैकी तिघींनी फराळाची केळी तरी खाल्ली. सरूआजीनं तेही खाल्लं नाही. आपलं नाव पुकारलं गेलं नाही हे तिनं ऐकलं होतं. पण वारीत निघालेली जुनी माणसं मागून खात नाहीत. तिला वाटलं, यंदा माउलींनीच उपास घडवून आणला. वाट्याचं केळं तिनं शेजारणीच्या नातवाला दिलं. ग्लिमेपिराइडची गोळी मात्र तिनं पहाटेच घेतलेली होती, आणि ही गोळी पोटात अन्न आहे की नाही ते बघत नाही, साखर खाली ओढत राहते.

वडकी नाक्यावर विसावा झाला आणि घाट सुरू झाला. पावसाची भुरभुर होती. टाळ-मृदंगाचा आवाज वळणावळणावरून खाली येत होता. दुसऱ्या वळणापाशी आजी थांबली. शेजारणीला वाटलं, गुडघा. ती म्हणाली, “आजी, टेम्पोत बसा ना.” आजीनं काहीतरी उत्तर दिलं, पण त्याचा प्रश्नाशी मेळ नव्हता. थंड हवेत तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते. हात थरथरत होते. डोक्यावरची तुळस तिनं सोडली नव्हती. ती घट्ट धरलेली असतानाच आजी रस्त्याच्या कडेला बसली.

नर्सबाई मागून धावत आल्या. बोटाला सुई टोचून त्यांनी यंत्रावर बघितलं. ४६. सत्तरच्या खाली गेलं की धोका, हे त्यांनी आयुष्यभर इतरांना सांगितलेलं. आजी शुद्धीवर होती, गिळू शकत होती, म्हणून त्यांनी पेलाभर पाण्यात तीन चमचे साखर ढवळली आणि घोटघोट पाजली. मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा सुई. ८२. आजीची नजर स्थिर झाली. तिनं आधी विचारलं, “तुळस पडली का?” नंतर भाकरी आली, आणि आजी टेम्पोत बसून सासवडला पोचली.

सासवडला पालखी दोन रात्री असते. दुसऱ्या दिवशी सकाळी ओंकार लॅपटॉप घेऊन तंबूत एकटाच बसला होता. आजीच्या चौकटीवर टिचकी मारून त्यानं त्या चौकटीच्या बदलांचा इतिहास उघडला. कुणी, कधी, काय बदललं ते तिथं दिसतं. नावाची दुरुस्ती दिसली. रंगाबद्दल चकार शब्द नव्हता. चौकटीचा हा इतिहास मजकुराची नोंद ठेवतो, रूपाची ठेवत नाही. शेवटी त्यानं अख्ख्या शीटच्या जुन्या आवृत्त्या एकेक करून उघडल्या, तेव्हा दशमीच्या रात्रीची आवृत्ती सापडली. तिच्या आधी चार चौकटी लाल होत्या आणि तिच्यानंतर पांढऱ्या.

विष्णू येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. अण्णा आले, सोमा आला. जो तो आपली चूक सांगायला लागला. तात्या काठी टेकत आले आणि खाली बसले.

“एक सांग,” ते ओंकारला म्हणाले. “हे सोमाला पाठवलं होतंस, त्यात लाल म्हणजे काय ते कुठं लिहिलं होतं?”

ओंकार गप्प राहिला. ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

“मग विष्णूनं काय पुसलं? त्यानं रंग पुसला. आजीचा आजार तिथं लिहिलेलाच नव्हता, तो पुसणार कुठून?” तात्यांचा आवाज चढलेला नव्हता. “लेका, तू चार रात्री जागलास ते मी बघितलंय. तुझं यंत्र चांगलं आहे. पण माझा शेरा का काढलास?”

“वेडावाकडा दिसत होता, तात्या.”

“माणसांची दुखणी सारख्या मापाची नसतात रे.”

मला या गोष्टीत सगळ्यांत मोलाचं वाटतं ते यानंतर ओंकारनं केलं ते. त्यानं शीट टाकून दिली नाही आणि तात्यांची वहीही पुन्हा काढली नाही. पाच माणसांनी एकाच वेळी वापरायची यादी वहीत जमत नाही, हे तात्यांनाही पटलेलं होतं. त्यानं नर्सबाईंना शेजारी बसवलं आणि तंबूतंबूत जाऊन एकेका माणसाशी बोलून नवे रकाने भरले. ‘साखर’ असा एक रकाना, त्यात ‘हो’ किंवा ‘नाही’. ‘गुडघा’ असा दुसरा. मग आजीच्या ओळीत दोन्हीकडे ‘हो’ आलं आणि दोन्हींतून एक निवडावं लागलं नाही. ‘एकादशीला काय’ असा तिसरा, आणि त्यात निवडायला ठरलेले तीनच पर्याय : उपास, फराळ, भाकरी. शेवटी ‘शेरा’. रुंद, उंच-सखल, हवा तेवढा लांब.

डब्यांचा आकडा आता काउंटइफनं आला. कुणी ‘भाकरी’ लिहिलं की आकडा तिथल्या तिथं वाढायचा. रंगही राहिले, पण आता ते शब्दांच्या मागून यायला लागले. ‘साखर’मध्ये ‘हो’ असेल तर नाव आपोआप लाल, असा कंडिशनल फॉरमॅटिंगचा नियम ओंकारनं लावला. हाही नियम चिकटवाचिकटवीत तुटतो, तुकडे-तुकडे होतो. तुटू दे. रंग गेला तरी ‘हो’ तिथंच राहतं, आणि ते ‘हो’ कुणी खोडलं तर चौकटीच्या इतिहासात त्याचं नाव आणि वेळ येते. आजारांच्या रकान्यांना त्यानं संरक्षण लावलं. ते बदलायचे फक्त नर्सबाईंनी. अण्णांनी आपण होऊन भिशीचा लाल काढला आणि ‘बाकी’ असा शब्द लिहिला.

त्याच संध्याकाळी या शीटची खरी परीक्षा झाली. वाटेवरच्या एका वैद्यकीय पथकानं दिंडीतल्या आजारी माणसांची यादी सीएसव्ही स्वरूपात मागितली. सीएसव्हीमध्ये नुसता मजकूर जातो. रंग, ठळक अक्षरं, चौकटींच्या रेघा, सगळं मागं राहतं. ओंकारनं फाइल पाठवली आणि दोन मिनिटांत तिकडून फोन आला : यादी मिळाली, साखरेचे पंचवीस जण दिसतात, बरोबर ना? बरोबर होतं. आदल्या दिवशी ओंकारच्या स्वतःच्या शीटलाही हा आकडा सांगता आला नव्हता.

दिंडी जेजुरीकडे निघाली तेव्हा सोमाच्या टेम्पोत सासवडच्या झेरॉक्सच्या दुकानातून काढलेली काळी-पांढरी प्रत होती. पुढं वाल्हे, लोणंद, फलटण अशा गर्दीच्या मुक्कामांवर मोबाइलचं जाळं तासन्‌तास मिळत नाही. तेव्हा तीच प्रत हातात राहिली. तात्यांनी ती सोमाकडून मागून घेतली आणि भिंग लावून सरूआजीची ओळ वाचली. शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्याच वहीतला मजकूर होता, शब्द न शब्द.

सोसायटीच्या पाण्याची, शाळेच्या सहलीची, रक्तदात्यांची, गावच्या दिंडीची, कसलीही सामायिक यादी तुमच्याकडे असेल तर तिची एक प्रत रंगांशिवाय छापा. ती अशा माणसाच्या हातात द्या ज्यानं ती आधी कधी बघितलेली नाही, आणि त्याला विचारा, कुणाला काय द्यायचं आहे? त्याला सांगता आलं नाही तर आजच्या आज एक रकाना वाढवा आणि तो शब्दांनी भरा.